कार्पेटवर टॉवर स्पीकर उभा करताना

कार्पेटवर उभ्या असलेल्या टॉवर स्पीकरच्या माथ्यावर एक बोट टेकवा, हलकेच मागे लोटा आणि सोडून द्या. तो मागे कलतो, पुढे येतो, एकदोनदा डुलतो आणि मग स्थिरावतो. टणक पायांवर नुसत्या फरशीवर उभा केलेला तोच स्पीकर असं करत नाही. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, पडदा पुढे झेपावतो तेव्हा तितक्याच जोराने डबा मागे रेटला जातो. म्हणजे तुमच्या बोटाने एकदा केलेलं काम गाणं संपेपर्यंत वूफर करत असतो.

याचं प्रमाण किती ते आधी पाहू. दोन वूफरचे पडदे आणि कॉइल मिळून हलतं वजन ६० ग्रॅम आणि डब्याचं वजन २८ किलो धरा. पडदा ४ मिलिमीटर सरकला, तर मोकळा डबा जेमतेम ९ मायक्रॉन मागे जातो. आकडा बारीक आहे, आणि तो बारीक आहे हे मान्य करूनच पुढे जायला हवं. पण दोन गोष्टी त्याला मोठं करतात. डबा ज्या फ्रिक्वेन्सीला आपणहून डोलतो, तिच्या जवळपास हाच धक्का कैक पटींनी वाढतो. आणि धक्का खाली उतरून लाकडी फळ्यांच्या जमिनीला मिळाला, तर सगळी जमीनच एका मोठ्या पडद्यासारखी वाजू लागते. कानाला जास्त त्रास या दुसऱ्या गोष्टीचा होतो. डग्ग्याचा घुमारा किंवा डबल बेसची तार जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही, मागे एक जाड शेपूट राहते.

कार्पेट मऊ आहे म्हणजे ते कंपन अडवतच असेल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. अडचण अशी की कार्पेट ही स्प्रिंगच आहे, पण वाईट स्प्रिंग. स्प्रिंगवर ठेवलेली वस्तू किती हर्ट्झला डोलेल, याचा सोपा हिशेब आहे: वजनाने स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. १ मिलिमीटर दबली तर १५.८ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबली तर ७.९, १० मिलिमीटर दबली तर ५. या फ्रिक्वेन्सीच्या साधारण १.४ पटीच्या वर गेल्यावरच कंपन अडायला सुरुवात होते. त्याच्या खाली काहीच अडत नाही, आणि त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास तर ते उलट वाढतं.

स्पीकरखाली कार्पेट २ मिलिमीटर दबलं, तर हिशेबाने ११ हर्ट्झ येतात. पण धागे, रबर आणि फोम हे सगळे हळू दाबल्यावर जितके मऊ लागतात त्यापेक्षा भरभर हलवल्यावर कडक वागतात. त्यामुळे खरा आकडा १५ हर्ट्झच्याही पुढे जाऊ शकतो. खालच्या स्वरांच्या अगदी शेजारी जाऊन बसणारी ही स्प्रिंग आहे. शिवाय ती चारही पायांखाली सारखी नसते. फर्निचरखाली दबून गेलेला पट्टा, खालच्या फोमचा जोड, शिलाईची कडा, यातलं काहीही एका पायाखाली येऊ शकतं. पायांमधलं अंतर २० सें.मी. असेल आणि एक बाजू २ मिलिमीटर जास्त खचली, तर ९५ सें.मी. उंचीवरचा ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, साडेनऊ मिलिमीटर बाजूला कलतो. दोन्ही स्पीकर वेगवेगळ्या दिशांना कलले की मधोमध उभा राहणारा गायकाचा आवाज पसरट होतो, आणि माणूस दोष देतो अँप्लिफायरला.

म्हणून या सगळ्या खटाटोपाचा क्रम एकच: आधी कार्पेटला हिशेबातून बाहेर काढा, आणि मग गरज असेल तरच आपल्या मापाची स्प्रिंग द्या. कार्पेटवर थेट महागडे आयसोलेशन पाय, म्हणजे कंपन अडवणारे पाय, ठेवले तर एकावर एक अशा दोन स्प्रिंगा होतात. वरची मापाची, खालची कसलीही. वरचीचा उपयोग खालची खाऊन टाकते.

आधी खाली काय आहे ते बघा

कार्पेटखाली काँक्रीट आहे की लाकडी फळ्या, यावर पुढचं सगळं ठरतं. स्पीकरच्या जागेजवळ उभे राहा, टाचा उचला आणि दणकन टेका. काँक्रीट असेल तर टाचेला मार लागतो, बाकी काही होत नाही. फळ्या असतील तर जमीन थरथरते आणि शेजारच्या स्टुलावरच्या पेल्यातलं पाणी हलतं.

काँक्रीट असेल तर काम सोपं आहे. कार्पेट भेदून जाणारे चांगले अणकुचीदार स्पाइक, म्हणजे टोकदार धातूचे पाय, डब्याखाली लावा, लेव्हल करा, चेकनट (स्पाइक जागच्या जागी धरून ठेवणारा नट) आवळा, झालं. स्लॅब एवढा जड आणि ताठ असतो की स्पीकरचा धक्का त्याला हलवू शकत नाही. तिथे स्प्रिंगांवर पैसे घालण्याआधी स्पीकर भिंतीपासून १०-१५ सें.मी. पुढेमागे करून पाहावेत, त्याने फरक जास्त पडेल. खोलीची लांबी ५ मीटर असेल तर ३४ हर्ट्झच्या आसपास ती खोली आपणहून घुमणार. त्यावर स्पीकरच्या पायाखाली कुठलाही इलाज नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्रास होऊ नये हा हेतू असेल, तर काँक्रीटवरही स्प्रिंगचा उपयोग होतो, पण जमिनीतून उतरणाऱ्या कंपनापुरताच. हवेतून जाणारा खर्ज तसाच जात राहतो.

फळ्यांच्या जमिनीवर मात्र नुसते स्पाइक अनेकदा उलटे पडतात. डुलणं थांबतं, ट्वीटर स्थिर होतो, वरचे स्वर स्वच्छ होतात, आणि त्याच वेळी खालचा घुमारा वाढतो, कारण आता सगळा धक्का थेट फळ्यांना मिळतो. तिथे स्पाइक आणि स्प्रिंग, दोन्ही लागतात.

स्पाइक: लांबी आणि आटे

सर्वांत जास्त चुका स्पाइकच्या लांबीत होतात. शिवणकामाची लांब सुई घ्या, कार्पेटमधून सरळ खाली टोचत न्या, टणक लागलं की थांबा, आणि कार्पेटच्या माथ्याशी सुईवर नख दाबून धरून ती बाहेर काढा. टोकापासून नखापर्यंतचं अंतर ही खरी खोली. चार जागी मोजा, सर्वांत मोठा आकडा धरा. १० मिलिमीटरचं कार्पेट आणि खाली ९ मिलिमीटरचा फोम असेल तर १९ मिलिमीटर होतात. मग डब्याखाली दिसणारी स्पाइकची लांबी, चेकनट सोडून, किमान २५ मिलिमीटर हवी. म्हणजे डब्याचा तळ आणि कार्पेट यांच्यामध्ये बोटाचं टोक जाईल एवढी फट राहते. फट दिसत नसेल तर डबा कार्पेटवर टेकलेला आहे आणि स्पाइक नुसते अडकवलेले आहेत, असं खुशाल समजा. स्पीकरबरोबर मिळालेले आखूड स्पाइक बहुतेक वेळा याच कारणाने निरुपयोगी ठरतात.

आट्यांकडे नीट लक्ष द्या. एम-६ आणि पाव इंची हे बोल्ट दिसायला जुळे भाऊ आहेत, ६ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर. एम-८ आणि पाच-सोळांश इंची यांत तर फरक जाडीत नाहीच म्हणायचा, ८ आणि ७.९४ मिलिमीटर, फरक आट्यांच्या अंतरात आहे. एम-८ चे आटे १.२५ मिलिमीटरवर असतात, त्या इंची बोल्टचे १.४१ वर. चुकीचा बोल्ट पहिले दोन फेरे गोड वागतो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की डब्यातली पितळी चकती लाकडातून गोल फिरू लागते, आणि ती पुन्हा बसवणं फार कष्टाचं काम आहे. पहिले पाच-सहा फेरे फक्त बोटांनी फिरले पाहिजेत. नाहीच फिरले तर बोल्ट बाहेर काढा आणि माप तपासा.

कार्पेट फाडायची गरज नसते. जाड सुईने किंवा टोच्याने आधी धागे बाजूला सारा, मग त्या छिद्रात स्पाइक उतरवा. वेटोळ्यांच्या विणीच्या कार्पेटमध्ये हे जास्त जपून करावं लागतं. स्पाइक अडकलेला असताना स्पीकर ओढला तर एक धागा सुटून पूर्ण ओळ उसवते. स्पीकर सरकवायचा असेल तर दोघांनी तो सरळ वर उचलावा. कलवून फिरवला तर स्पाइक वाकतो आणि डब्यातले आटेही जातात. जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप किंवा वायरी असतील, तर स्पाइक हातोडीने ठोकणं वगैरे प्रकार करू नका. वजनाने तो जिथवर जाईल तिथवरच जाऊ द्या.

उभा केल्यावर आधी तीन स्पाइक टेकवून स्पीकर उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना पाणसळीत आणा, चौथा बोटांनी फिरवत खाली टेकेपर्यंत न्या, आणि शेवटी चेकनट वर डब्याकडे आवळा. मग पुन्हा माथ्यावर बोट. आता तो हलता कामा नये.

रुंद लादी थेट कार्पेटवर ठेवू नका

ग्रॅनाइटची लादी कार्पेटवर ठेवायची आणि तिच्यावर स्पीकर, हा लोकप्रिय उपाय आहे. जाड कार्पेटवर तो फसतो, आणि कारण साधं आहे. ४० बाय ४६ सें.मी., २ सें.मी. जाडीची लादी सुमारे १० किलो भरते. स्पीकर धरून ३८ किलो वजन एवढ्या मोठ्या क्षेत्रावर पसरलं की दाब साधारण २ किलोपास्कल येतो. तोच स्पीकर ४ सें.मी. व्यासाच्या चार पायांवर उभा असताना कार्पेटवर सुमारे ५५ किलोपास्कल दाब होता. पायांखाली कार्पेट निदान पुरतं चेपलं तरी जायचं. लादीखाली ते अर्धवट दबलेलं, ताजं स्पंजासारखं राहतं आणि लादी तरंगते. लादीच्या चारही कोपऱ्यांखाली स्पाइक किंवा लहान टणक पाय असतील तरच तिला अर्थ आहे. ग्रॅनाइटला भोकं पाडणं जिकिरीचं, म्हणून खालच्या तळासाठी २४ मिलिमीटरचा प्लायवुड जास्त सोयीचा. त्यात आटेवाली चकती बसते आणि स्पाइक खालून फिरवता येतो.

लाकडी जमिनीसाठी पूर्ण रचना

खालून वर असं येतं: कार्पेट भेदून गेलेले चार स्पाइक, त्यांवर प्लायवुडचा तळ, तळावर चार स्प्रिंगा, स्प्रिंगांवर ग्रॅनाइटची लादी आणि लादीवर स्पीकर. लादी दोन कामं करते. वजन वाढवते, आणि तोल खाली आणते.

तोलाचा हिशेब टाळू नका. मऊ स्प्रिंगांवर उंच आणि अरुंद डबा ठेवला, तर एका मर्यादेनंतर तो डुलत नाही, थेट पडतो. ती मर्यादा अशी काढा: बाजूच्या दोन स्प्रिंगांमधल्या अंतराच्या निम्म्याचा वर्ग करा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. स्प्रिंगा २० सें.मी. अंतरावर असतील आणि गुरुत्वमध्य ५० सें.मी.वर असेल, तर १० चा वर्ग १०० भागिले ५०, म्हणजे २ सें.मी. स्प्रिंग २० मिलिमीटर दबेल इतकी मऊ घेतली तर स्पीकर उभाच राहणार नाही. सुरक्षित राहायचं तर या आकड्याच्या पाव हिश्श्यात राहा, म्हणजे ५ मिलिमीटर. स्प्रिंगा लादीच्या कोपऱ्यांत ३६ सें.मी. अंतरावर नेल्या आणि लादीमुळे गुरुत्वमध्य ४० सें.मी.च्या आसपास उतरला, तर मर्यादा ८ सें.मी. होते. मग ८ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग बिनधास्त चालते. घरात लहान मुलं किंवा उड्या मारणारं मांजर असेल, तर अंतर अजून वाढवा आणि स्प्रिंग अजून कडक घ्या.

आता स्प्रिंगची निवड. ३८ किलो चार स्प्रिंगांवर, म्हणजे प्रत्येकी साडेनऊ किलो, ९३ न्यूटन. ८ मिलिमीटर दबायला हवी, तर कडकपणा प्रति मिलिमीटर ११.६ न्यूटन. उभं डोलणं ५.६ हर्ट्झला येतं आणि ४० हर्ट्झला, निदान कागदावर, जमिनीपर्यंत फक्त २ टक्के धक्का पोचतो. मोकळी लांबी ३० मिलिमीटर, व्यास २५ ते ३० मिलिमीटर. दबल्यावर जितकी उंची उरते त्यापेक्षा व्यास कमी नको, नाहीतर स्प्रिंग आडवी घसरते. आणखी ८ मिलिमीटर दबायला जागा शिल्लक हवी. वेटोळी एकमेकांना टेकली की स्प्रिंग म्हणजे नुसता लोखंडी ठोकळा. प्लायवुडमध्ये ५ मिलिमीटर खोल गोल खाच पाडून त्यात स्प्रिंग बसवा. नुसत्या स्प्रिंगा एकदा हलल्या की हलतच राहतात, म्हणून आतल्या पोकळीत मऊ फोमचा तुकडा हलकेच भरा. ठासून भरलात तर पुन्हा फोमचीच स्प्रिंग होते.

यानंतरही स्पीकर थोडा पुढे कलतो, कारण वूफर आणि त्यांची चुंबकं पुढच्या बाजूला असतात. पुढचे दोन पाय घरगुती वजनकाट्यावर आणि मागचे दोन काट्याच्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा. २८ पैकी १७ किलो पुढे दिसले आणि पुढचे-मागचे पाय ३० सें.मी. अंतरावर असतील, तर गुरुत्वमध्य मधोमध नसून सुमारे ३ सें.मी. पुढे आहे. लादीवर स्पीकर तेवढाच मागे सरकवला की चारही स्प्रिंगा सारख्या दबतात. पुढे वेगळ्या आणि मागे वेगळ्या स्प्रिंगा शोधत बसायची गरज पडत नाही. स्पीकर आणि लादी यांच्यात ब्लू-टॅक या चिकट लगद्याचे वाटाण्याएवढे चार गोळे पुरतात.

ही रचना स्पीकरला साडेसहा सें.मी.च्या आसपास उचलते. ३ मीटरवर बसणाऱ्यासाठी ट्वीटरचा कोन सव्वा अंशाने बदलतो, त्याची चिंता नको. पण स्पीकरचं पोर्ट, म्हणजे डब्यातली हवा ये-जा करण्याचं भोक, खाली जमिनीकडे उघडत असेल तर डब्याचा तळ आणि लादी यांच्यातली फट कंपनीने ठेवली होती तेवढीच राहिली पाहिजे. ती बदलली की पोर्टचं ट्यूनिंग बदलतं. असा स्पीकर थेट जाड कार्पेटवर ठेवणं तर आणखी वाईट, लव पोर्टमध्ये शिरते.

तयार पाय आणि रबर

स्वतः करायचं नसेल तर आटेवाले तयार आयसोलेशन पाय मिळतात. ते वजनाप्रमाणे निवडायचे असतात आणि इथे ‘मोठा तो चांगला’ हे खोटं ठरतं. आयसोअकूस्टिक्स कंपनीच्या मूळ गाया मालिकेत चार पायांचा संच ३२, ५४ आणि १०० किलोपर्यंतच्या स्पीकरसाठी येतो. २८ किलोच्या स्पीकरला १०० किलोवाला संच लावला तर त्यातलं रबर दबतच नाही आणि तो साध्या पायासारखा वागतो. या पायांना दिशाही असते, कंपनीचं चिन्ह ऐकणाऱ्याच्या दिशेला यायला हवं. आणि कार्पेटवर ते थेट ठेवायचे नाहीत. त्यांच्याखालीही वर सांगितलेला स्पाइकवाला तळ किंवा कार्पेटसाठीच्या स्पाइकवाल्या चकत्या हव्यात.

सॉर्बोथेन हे कंपन शोषणारं मऊ, रबरासारखं साहित्य घ्यायचं तर ते जाडीच्या १० ते २० टक्के दबेल असं मापून घ्या. कमी दबलं तर उपयोग नाही, जास्त दबलं तर काही महिन्यांत चपटं होतं. लाकडी पॉलिशवर ते डाग सोडू शकतं, म्हणून मध्ये पातळ धातूची चकती ठेवा. साध्या स्वस्त रबराचे पाय कालांतराने कडक होतात.

फरक पडला की नाही ते मोजा

काम सुरू करण्याआधी स्पीकरच्या जागेवर चिकटपट्टीने खुणा करा. २ सें.मी. इकडेतिकडे झालं तरी आवाज बदलतो, आणि मग श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते कळत नाही. फोनवर फायफॉक्स हे फोनच्या सेन्सरने कंपन मोजणारं मोफत ॲप घ्या, फोन स्पीकरपासून अर्ध्या मीटरवर ठेवा. कार्पेटवर नको, स्पाइक असलेल्या छोट्या पाटावर, नाहीतर फोनही कार्पेटच्याच स्प्रिंगवर बसतो. ३०, ४०, ५० आणि ६३ हर्ट्झचे शुद्ध स्वर मध्यम आवाजात, प्रत्येकी पाच-सहा सेकंद वाजवा. मोठ्या आवाजात बराच वेळ वाजवलेला शुद्ध स्वर वूफरची कॉइल जाळू शकतो. आधीचे आणि नंतरचे आलेख शेजारी ठेवा. सेकंदाला २०० नोंदी घेणारा फोन १०० हर्ट्झपर्यंतचंच सांगू शकतो, पण आपल्याला हवं ते त्याच पट्ट्यात असतं. माइक असेल तर रूम ईक्यू विझार्ड या खोलीतला आवाज मोजणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये स्वर विरून जायला किती वेळ लागतो ते पाहा. आवाजाच्या पातळीतला एखाद्या डेसिबलचा फरक इथे विश्वासाचा नाही.

पहिल्या दिवशी खर्ज कमी झाल्यासारखा वाटेल. जमिनीचा वाटा त्यातून गेलेला असतो. लगेच सगळं उलट करू नका. आठवडाभर ऐका, आणि तरीही पोकळ वाटलं तर स्पीकर ५-५ सें.मी. करत भिंतीजवळ न्या. दोन आठवड्यांनी पुन्हा पाणसळ लावा, कारण स्पाइकभोवतीचं कार्पेट आणि फोम तोवर बसलेले असतात आणि एखादा चेकनट हमखास सैल सापडतो.